पोथी जिथे थांबते : बायबलमधील माणसांचा विश्वास आणि मराठी वाचक

बायबल आपल्या माणसांविषयी मोजकेच बोलते. अब्राहामाचा प्रवास, त्याचे तंबू, त्याची गुरेढोरे यांची नोंद आहे. पण त्याचा एका देवावर विश्वास बसला कसा, यावर उत्पत्तीचे पुस्तक गप्प आहे. यहोशवाच्या चोविसाव्या अध्यायातून इतकेच कळते की त्याचे वडील तेरह अन्य देवांची सेवा करीत. शलमोनाचा आरंभ झगझगीत, पण शेवटी त्याचे मन कुठे होते ते कळत नाही. निकदेमाचा तर मधलाच भाग गाळल्यासारखा आहे. या मोकळ्या जागांवर दोन हजार वर्षे वाद चालू आहे, आणि त्यात मराठीचाही वाटा आहे.

अब्राहामाची रिकामी जागा यहुदी परंपरेने कथेने भरली. तेरह मूर्ती विकत असे आणि मुलाने त्या फोडल्या, ही कथा उत्पत्तीवरील ‘बेरेशीत रब्बा’ या मिद्राशात येते, बायबलमध्ये नाही. कोकणातून मुंबईत स्थिरावलेल्या बेने इस्रायल समाजाने 1880च्या सुमारास मराठी कीर्तनाची पद्धत स्वीकारली आणि पूर्वजांची आख्याने रंगवली. कीर्तनाला पूर्वरंग लागतो, संवाद लागतात. मूळ ग्रंथाची काटकसर तिथे पुरत नाही.

गोव्यात हेच काम त्याआधी अडीच शतके झाले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याच्या 10,962 ओव्यांत पाद्री कथा सांगतो आणि श्रोते शंका विचारतात. ही मांडणी फार मोलाची आहे, कारण ग्रंथाने न सांगितलेले विचारण्याचा हक्क श्रोत्याला ग्रंथाच्या आतच मिळतो. पुढे नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. 1919 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते अपुरे होते. बहुतेक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी रचले आणि काव्य 1938 मध्ये प्रकाशित झाले.

निकदेमाचा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजाला सर्वांत जवळचा. योहानाच्या शुभवर्तमानात तो तीनदा येतो: रात्री येशूला भेटायला, मग सभेत त्याची अर्धवट बाजू घ्यायला, आणि अखेर दफनाच्या वेळी गंधरस व अगरू यांचे शंभर रोमन रत्तल, म्हणजे तीस किलोहून अधिक मिश्रण घेऊन. ‘मी विश्वास ठेवतो’ असे तो कुठेच म्हणत नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या त्याला संत मानतात. सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिनने मात्र छळाच्या भीतीने विश्वास लपवणाऱ्यांवर टीका केली. अशा लोकांना निकदेमाच्याच नावाने ओळखले जाई. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात हा केवळ ग्रंथातला वाद नव्हता. 1849 साली स्थापन झालेली, जातिभेद न मानणारी परमहंस सभा गुप्तपणे भरे, कारण जातीबाहेर पडण्याची धास्ती खरी होती. तिच्याशी संबंध असलेल्या बाबा पदमनजींनी 1854 मध्ये उघड बाप्तिस्मा घेतला. इतर अनेकांनी आपली मते आपल्यापाशीच ठेवली. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. निकदेमाला आत घ्यायचे की दाराबाहेर ठेवायचे, याचे इतके ठोस उत्तर मराठीत दुसरे क्वचितच असेल.

शलमोनाचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. पहिल्या राजांच्या अकराव्या अध्यायात म्हातारपणी त्याचे मन परक्या देवांकडे वळते, देव रागावतो, राज्य फुटणार असे सांगतो आणि राजा मरण पावतो. पश्चात्तापाचा शब्द नाही. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात तर मूर्तिपूजेचाच उल्लेख नाही. नहेम्याने त्याचे पाप सांगताना तो देवाला प्रिय होता हेही सांगितले आहे. ‘उपदेशक’ हे वृद्ध राजाच्या पश्चात्तापाचे पुस्तक, असे अनेकांनी मानले. पण त्यात शलमोनाचे नाव नाही आणि भाषेवरून बहुतेक अभ्यासक ते शेकडो वर्षांनंतरचे ठरवतात. हा आधार म्हणून डळमळीतच. सर्वांत भक्कम आधार दुसऱ्या शमुवेलाच्या सातव्या अध्यायात आहे: दाविदाचा पुत्र चुकला तर त्याला शिक्षा होईल, पण त्याच्यावरील दया काढून घेतली जाणार नाही. जेरोमने त्याच्या पश्चात्तापाचा पक्ष घेतला. शास्त्रलेख त्याविषयी काही बोलत नाही, यावर ऑगस्टिनने बोट ठेवले. दान्तेने त्याला स्वर्गात बसवले. दोन्ही बाजू मांडल्यावर एवढेच पदरात पडते की वचन शलमोनाविषयी नव्हे, देवाविषयी बोलते. त्यावरून आशा ठेवता येते, निकाल देता येत नाही.

विदर्भात हा वाद प्रोटेस्टंट वळणाने आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी संस्थेने वऱ्हाडात काम सुरू केले. बुलढाणा जिल्ह्यात खामगाव आणि बुलढाणा ही तिची ठाणी होती. शास्त्रलेखाचा अर्थ शास्त्रलेखानेच लावावा, हा या परंपरेचा नियम. त्यामुळे सदोमातील लोटाचे वागणे कितीही खटकले तरी पेत्राचे दुसरे पत्र त्याला नीतिमान म्हणते, म्हणून तिथे वाद मिटतो. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात शमशोन आणि इफ्ताह यांची नावे विश्वासवीरांत आहेत. एकाची शेवटची प्रार्थना सूडाची, दुसऱ्याच्या नवसात मुलगी गेली, तरीही. त्या यादीत शलमोन नाही. पण यादी अपुरी असल्याचे पत्रलेखक स्वतःच सांगतो, त्यामुळे गाळलेल्या नावावरून काही सिद्ध होत नाही.

याच जिल्ह्यातील शेगावच्या वाचकाला ग्रंथाचे असे मौन परके नाही. गजानन महाराज 1878 मध्ये तिथे प्रकटले. ते मूळचे कोण, कुठले, याचा ठाम निर्णय दासगणूंच्या एकवीस अध्यायांच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात नाही. पारायण त्यामुळे अडत नाही. वऱ्हाडातील मंडळीतही निकदेमावर उपदेश होतो तेव्हा पाळकाला वाक्य जपून टाकावे लागते: तो गंधरस घेऊन आला, हे वचनात आहे, तो तारण पावला, हे नाही.