मागे पडलेल्या शाळांचे मूल्यमापन आणि झाडीबोली

एखादी शाळा मागे पडली, असे विधान बहुधा तेथील मुलांच्या वाचन-लेखनाच्या चाचण्यांवर आधारलेले असते. त्या चाचण्यांनी नेमके काय मोजले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. भंडारा जिल्ह्यात तो विशेष महत्त्वाचा आहे. कारण शाळेला कोणते साहाय्य द्यावयाचे, हे त्याच्या उत्तरावरच ठरावयाचे असते.

निकालावरून शाळेस जबाबदार धरण्याची कल्पना जुनीच आहे. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने, निरीक्षकासमोर वाचन, लेखन व अंकगणित यांत किती मुले उत्तीर्ण होतात ह्यावर अनुदान अवलंबून ठेवले. हिंदुस्थानात १८८२ च्या हंटर आयोगाने प्राथमिक शाळांसाठी ह्याच तत्त्वाची शिफारस केली. शिकविणे त्यामुळे परीक्षेपुरते संकुचित होते, अशी टीका होऊन पुढे ही पद्धती दोन्हीकडे मागे पडली.

महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. ‘शाळासिद्धी’ ह्या राष्ट्रीय उपक्रमात ७ क्षेत्रे व ४६ मानके ठरविण्यात आली, आणि बाह्य मूल्यमापनापूर्वी शाळेने स्वतःचे मूल्यमापन करावे, असा क्रम घालून देण्यात आला. २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या मुलाने मिनिटास किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असे उद्दिष्ट ठेवले. येथेच भाषाभ्यासकाचा संबंध येतो. कारण शब्द ‘बरोबर’ वाचला की नाही, हा निर्णय ऐकणाऱ्याच्या कानावर सोपविलेला असतो.

भंडारा जिल्हा झाडीपट्टीत मोडतो. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांनी ज्या झाडीबोलीचे संशोधन केले, तीत ‘ण’ व ‘ळ’ हे वर्ण नाहीत. ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोरा’ म्हणतात. आता ‘काळा बैल’ हे शब्द तीन मुलांनी वाचले, असे समजू. पहिल्याने ‘कारा बैल’ असे वाचले व बैलाचा रंगही अचूक सांगितला. दुसऱ्याने ‘काळा’च्या जागी ‘माळा’ वाचले. तिसऱ्याने निर्दोष उच्चार केला, परंतु बैल कसा होता हे त्याला सांगता आले नाही. पहिल्याचे वाचन झालेलेच आहे. तेथे केवळ बोलीभेद आहे. दुसऱ्याची अक्षरओळख कच्ची आहे, आणि तिसऱ्याचे आकलन. गुणपत्रकात मात्र पहिले दोघे सारखेच चुकलेले ठरतात व तिसरा उत्तीर्ण होतो. अशा आकड्यांवरून उपचारवर्ग योजले, तर पहिल्याचे तास उच्चार घोटविण्यात जातात आणि तिसऱ्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, पुढील परीक्षा प्रमाण मराठीतच द्यावयाच्या असल्याने बोलीला सवलत देणे मुलाच्या हिताचे नव्हे. आक्षेप रास्त आहे. परंतु तो लेखनास लागू पडतो. ‘पानी’ लिहिणारा मुलगा ऐकतो तसे लिहितो. त्याला घरचा शब्द व पुस्तकातला शब्द शेजारी मांडून दाखविले, तर हा भेद नियमित असल्याने त्याच्या ध्यानात येणे अवघड नाही. बालाघाटला लागून असलेल्या तुमसर तालुक्यात पोवारी वा हिंदी बोलणाऱ्या घरांतील मुलांचा प्रश्न याहून निराळा आहे. तेथे शब्दसंग्रहच वेगळा असल्याने प्रथम तोंडी भाषेचे काम करावे लागते.

तेव्हा चाचणीच्या नोंदवहीत बोलीभेद, अक्षरदोष व आकलनदोष असे तीन रकाने असावेत, आणि केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत एकूण गुणांपूर्वी ते पाहावेत. ह्यासाठी वेगळा निधी लागत नाही; तपासणाऱ्यास स्थानिक बोलीची ओळख करून द्यावी लागते. ती करून देण्याचे काम विद्यापीठातील भाषाविभागांचे आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्यात क्षेत्रीय अभ्यासाचा एक उपयुक्त विषय सापडेल.