जठराच्या कर्करोगातील ‘प्रारंभिक’ ही संज्ञा

एकाच जठरात प्रगत अर्बुदाशेजारी प्रारंभिक कर्करोगही आढळतो, हे विधान प्रथमदर्शनी वदतोव्याघातासारखे भासते. त्याचे मूळ ‘प्रारंभिक’ हे विशेषण कालवाचक मानण्यात आहे. १९६२ साली जपानमधील तज्ज्ञांनी निश्चित केलेला या संज्ञेचा अर्थ खोलीचा निदर्शक आहे. जठराच्या श्लेष्मल अस्तरापुरता वा त्याच्या लगतच्या थरापुरता मर्यादित असलेला कर्करोग, मग तो लसीका ग्रंथींत पोहोचलेला असो वा नसो, प्रारंभिक होय. स्नायुस्तरात शिरलेला तो प्रगत.

दीर्घकालीन दाहाने अस्तराचा विस्तृत भाग विकृत झाल्यास दोन ठिकाणी स्वतंत्र अर्बुदे उद्भवू शकतात. ती स्वतंत्र ठरण्यास, वॉरन व गेट्स यांच्या १९३२ च्या कसोट्यांनुसार, दोन्ही निश्चित कर्करोगाची व परस्परांपासून विलग असावी लागतात. शिवाय एक दुसऱ्याच्या प्रसारातून झालेले नसावे लागते.

असा योग विरळा, तथापि उपेक्षणीय नव्हे. मोठ्या अर्बुदावर दृष्टी खिळली की फिकट डागाएवढे किंवा उथळ खळग्याएवढे दुसरे अर्बुद नजरेतून सुटते. आणि जठराचा काही भागच कापून काढल्यास ते उरलेल्या भागात राहून जाऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी अंतर्दर्शकाने संपूर्ण जठर तपासणे अगत्याचे ठरते. ‘प्रारंभिक’ या शब्दात सवडीचे आश्वासन वाचू नये.