खानदेशांतील भूमिहक्काचे निःशस्त्र लढे

शहरांत घर बाळगणाऱ्या गृहस्थाला आपल्या मालकीचा पुरावा क्वचितच शोधावा लागतो. खरेदीखत कपाटांत असतें आणि नगरपालिकेच्या दप्तरांत नांव असतें. खेड्यांत हेंच काम सातबाराचा उतारा करतो. सात क्रमांकाच्या नमुन्यांत जमिनीचा धनी कोण हें लिहिलेलें असतें. बारा क्रमांकाच्या नमुन्यांत त्या जमिनींत कोणतें पीक आलें याची नोंद असते. जो शेत कसतो त्याचें नांव या कागदावर नसेल, तर त्याच्या घामाला कचेरींत साक्षीदार उरत नाहीं. खानदेशांतील गरीब शेतकऱ्यांचे लढे समजून घ्यावयाचे, तर या एका कागदापासून आरंभ केला पाहिजे.

तापीच्या कांठची काळी, कसदार जमीन आणि तिच्या उत्तरेला सातपुड्याची रांग, अशी या प्रांताची ठेवण आहे. १९०६ सालीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढें जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार हा वेगळा जिल्हा निघाला. सपाटीवर कापूस व केळी यांची बागाईत पिकते. सातपुड्यांत व त्याच्या पायथ्याशीं भिल्ल, पावरा, तडवी यांची वस्ती आहे. संपत्ति आणि दारिद्र्य यांच्यामध्यें येथें कित्येकदां एका दिवसाच्या चालीपेक्षांहि कमी अंतर असतें.

शांततेनें गाऱ्हाणें मांडण्याची परंपरा या भूमीला नवी नव्हे. १९३६ च्या डिसेंबरांत राष्ट्रसभेचें खेड्यांतील पहिलें अधिवेशन यावल तालुक्यांतील फैजपूर येथें भरलें, आणि शेतकऱ्यांवरील सारा, खंड व कर्ज यांचा प्रश्न तेथें ठरावाच्या रूपानें देशापुढें आला. १९३८ सालीं ओल्या दुष्काळानें पूर्व खानदेशांतील पिकें बुडालीं, तेव्हां साने गुरुजींनीं सारामाफीसाठीं ठिकठिकाणीं सभा घेतल्या आणि कलेक्टरकचेरीवर मोर्चे नेले. त्यापूर्वीं, १९३२ सालीं, धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा गीतेवर प्रवचनें देत होते व गुरुजी तीं उतरून घेत होते. त्याच विनोबांनीं १९५१ सालीं तेलंगणांतील पोचमपल्ली येथें भूदानाचा आरंभ केला. मात्र भूदानांत जमीनदाराच्या हृदयाला हांक होती. शहाद्याच्या भिल्लांपुढील प्रश्न निराळा होता. त्यांना कोणाचें दान नको होतें. स्वतःचीच गेलेली जमीन परत हवी होती.

ती जमीन गेली कशी? पावसाळ्याच्या तोंडीं घरांतील दाणा संपे. मग सावकाराकडून किंवा सधन शेतकऱ्याकडून धान्य उसनें आणावें लागे. वहींत काय लिहिलें हें अंगठा देणाऱ्यास वाचतां येत नसे. व्याज फिटत नसे, म्हणून शेत गहाण पडे. गहाणाचा कबजा होई आणि कबजाची मालकी होई. अखेरीस तोच मनुष्य आपल्याच शेतांत दुसऱ्याचा सालदार म्हणून राबे. दारूचें व्यसन या उतरणीला वेग देई. तळोदा भागांत गुलाम महाराजांनीं १९३८ च्या सुमारास भिल्लांना मद्यत्यागाचा उपदेश केला, त्याचें महत्त्व केवळ धार्मिक नव्हतें तें यामुळेंच.

१९७१ च्या मे महिन्यांत शहादे तालुक्यांतील पाटीलवाडी येथें धान्यासाठीं जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला व त्यांत एकाचा बळी गेला. त्या वेळीं सूडाची भाषा सहज सुचली असती. परंतु स्थानिक भिल्ल नेते अंबरसिंग सुरतवंती आणि सर्वोदयी कार्यकर्ते यांनीं ग्रामस्वराज्य समितीच्या द्वारें संघटनेची वाट धरली. ३० जानेवारी १९७२ रोजीं, म्हणजे गांधीजींच्या पुण्यतिथीस, शहादे येथें भूमुक्ति मेळावा भरला. त्याच वर्षीं श्रमिक संघटना उभी राहिली. कोणाची कोणती जमीन कशा रीतीनें गेली याची गांवोगांव चौकशी झाली, सालदारांच्या मजुरीचा प्रश्न पुढें आला, शिबिरें भरलीं. स्त्रिया तर दारूच्या भट्ट्यांवर चालून गेल्या व त्यांनीं मडकीं फोडलीं. अंबरसिंग १९७४ सालीं निवर्तले. परंतु तोंवर अंगठा देणारा मनुष्य कागद मागूं लागला होता.

त्याच वर्षीं महाराष्ट्रानें कायद्याचीं दोन पावलें उचललीं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे सरकारी मंजुरीवांचून जाऊं नये असा निर्बंध महसूल कायद्यांत घालण्यांत आला. दुसऱ्या कायद्यानें, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळांत हस्तांतरित झालेल्या जमिनी मूळ आदिवासी मालकाला परत देण्याची तरतूद केली. त्यासाठीं त्यानें शेत स्वतः कसण्याची हमी द्यावी व कायद्यानें ठरविलेली रक्कम भरावी, अशी अट होती. या कायद्यास आव्हान दिलें गेलें. सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं तो वैध ठरविला.

डोंगरांतील जमिनीची कथा आणखी बिकट होती. तेथें कसणाऱ्याच्या समोर सावकार नव्हता, सरकारच होतें. जंगल राखीव ठरलें कीं बापजाद्यांचें शेत ‘अतिक्रमण’ होई. २००६ च्या वनहक्क कायद्यानें हा अन्याय प्रथमच मान्य केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला प्रत्यक्ष कसणुकीइतका, परंतु चार हेक्टरांच्या मर्यादेंत, हक्क मिळतो. हा हक्क वारसांना जातो, विकतां मात्र येत नाहीं. आणि त्यावर पति व पत्नी दोघांचींहि नांवें लागतात. दाव्याची पहिली तपासणी ग्रामसभा करते. गांवांतील वृद्धांची साक्ष हाहि पुरावा धरला जातो, ही या कायद्यांतील मोठी गोष्ट होय.

तरीहि दावे कचेऱ्यांत पडून राहतात किंवा फेटाळले जातात, आणि मग लोकांना पुनः पायीं निघावें लागतें. १९१८ किंवा १९३८ मधील नव्हे, २०१८ मधील ही हकीकत आहे. त्या मार्चमध्यें नाशिकहून मुंबईस गेलेल्या हजारों शेतकऱ्यांनीं शेवटची मजल रात्रीं चालून काढली, कारण सकाळीं शहरांतील मुलांची दहावीची परीक्षा होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत लोकसंघर्ष मोर्चाच्या वतीनें ठाण्याहून आझाद मैदानापर्यंत जो मोर्चा आला, त्यांत खानदेशचे आदिवासी मोठ्या संख्येनें होते. पुढें तीनच महिन्यांनीं, फेब्रुवारी २०१९ मध्यें, दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानें दिला व त्याच महिन्याच्या अखेरीस त्याला स्थगिति दिली. त्या पंधरवड्यांत देशांतील लक्षावधि कुटुंबांचें पुढील पेरणीचें भवितव्य टांगणीस लागलें होतें.

निःशस्त्र लढा म्हणजे केवळ हात न उचलणें, असा समज पुष्कळ सुशिक्षितांचा असतो. शहाद्याचा अनुभव त्याहून अधिक सांगतो. दप्तर वाचावयास शिकणें, शेजाऱ्याचा पुरावा आपलाच समजून जपणें, व्यसन सोडणें, आणि चिथावणी मिळाली तरी रांग न मोडणें, हें सारें त्यांत येतें. गोळी झाडणाऱ्याला एक क्षण पुरतो. सातबारावर नांव चढविण्यास कधीं कधीं दोन पिढ्या लागतात. तेवढी चिकाटी ज्यांनीं दाखविली, त्यांना निरक्षर म्हणण्यापूर्वीं साक्षरांनीं थोडा विचार करावा.