पुन्हा त्याच जागी

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या दहीहंडीचे तीस टी-शर्ट घरीच छापू, असं मी मे महिन्यात जाहीर करून बसले. थोडा प्लाय, सागाचे चार तुकडे आणि दाराच्या बिजागऱ्या, एवढ्यावर दोन रंगांचं यंत्र उभं राहिलं. जुन्या बनियनवर पहिली चाचणी घेतली. निळं मडकं ठसठशीत उठलं. पिवळं लोणी मात्र मडक्याचा काठ सोडून हवेत लोंबत होतं. पट्टीने मोजलं, तर अडीच मिलिमीटर.

तोवर माझी समजूत अशी, की स्क्रीन प्रिंटिंगचं सगळं इंगित जाळीत आहे. चौकटीवर ताणलेलं बारीक विणीचं कापड, नको तिथली भोकं बुजवणारा थर, वर शाई आणि ती एका दमात ओढणारी रबराची स्क्वीजी. जुने लग्नपत्रिकावाले या जाळीला 'बोल्टिंग क्लॉथ' म्हणतात. ते नाव आलं पिठाच्या गिरणीतून. युरोपात पीठ चाळायला रेशमी कापड वापरत, त्याचं हे नाव. म्हणजे सपिटाची चाळणच छापखान्यात आली. पुढे रेशीम जाऊन नायलॉन आणि पॉलिएस्टर आलं, नाव तेवढं चिकटून राहिलं. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी रेशमी जाळीतून छापण्याचं पेटंट घेतलं ते १९०७ साली. जाळीवरचा थर उजेडाने पक्का करायची युक्ती आणखी मागे जाते: पोटॅशियम डायक्रोमेट लावलेला कागद उन्हात काळवंडतो, हे स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यांनी १८३९ मध्ये दाखवलं. ते नारिंगी डायक्रोमेट विषारी. घरात मी ते येऊ दिलं नाही, डायझोचं इमल्शन वापरलं.

जाळीचा इतिहास असा हवा तेवढा सापडतो. माझं लोणी ज्याने सांडलं, त्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा, म्हणजे ठसा नेमका जागेवर बसवण्याच्या युक्तीचा, शोध घ्यायला मात्र मला जपानपर्यंत जावं लागलं. किमोनोच्या कापडावर नक्षी उठवायला तिथे कातागामी नावाचे कागदी साचे असत. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद, थरावर थर, मध्ये आपल्या टेंभुर्णीच्या कुळातल्या एका फळाचा तुरट रस. इसे प्रांतातलं शिरोको, म्हणजे आताच्या सुझुका शहराचा भाग, हे या साच्यांचं माहेर. साचा वीतभर-हातभर आणि कापड कित्येक हात लांब, त्यामुळे तो पुनःपुन्हा उचलून पुढे ठेवावा लागे आणि नक्षीचा सांधा कुठेही दिसता कामा नये. त्यासाठी साच्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडत. त्यांना म्हणत 'होशी', म्हणजे तारे. आधीच्या ठशातल्या ताऱ्यावर पुढचा तारा बसला, की साचा जागेवर आला. वरून तांदळाची खळ फासायची, कापड रंगवायचं, खळ धुऊन टाकायची. खळीखालचं कापड कोरं राहतं. जाळी नाही, यंत्र नाही, पण जागेचा प्रश्न ओळखलेला आणि सोडवलेला.

चित्र एकाच ठशात मावणारं आणि रंगही एकच असेल, तर हा प्रश्न छळत नाही. पॅरिसमध्ये १९६८च्या मे महिन्यात विद्यार्थ्यांनी ललितकलेचं महाविद्यालय ताब्यात घेतलं आणि आंदोलनाची पोस्टरं तिथेच छापली. दगडी छपाई फार सावकाश होते म्हणून ते जाळीकडे वळले, आणि पोस्टरं बहुतेक एकरंगी ठेवली. चौकट कागदावर टेकवा, ओढा, उचला; कागद चार बोटं सरकला तरी क्रांतीचं काही बिघडत नाही. दुसरा रंग आला, की चौकटीला परत त्याच जागी यावं लागतं, आणि ते आणणारी असते बिजागरी.

माझ्या बिजागऱ्या होत्या दाराच्या. चार इंचांवर दोन बसवलेल्या, त्यांतून निघणारा लाकडी हात वीस इंच लांब. एक बिजागरी पुढे आणि एक मागे अशी मिळून अर्धा मिलिमीटर जरी हलली, तरी हाताच्या टोकाशी ते पाचपट होतं: अडीच मिलिमीटर. लोणी बरोबर तेवढंच सांडलं होतं. सुतारकाकांना दाखवलं, तर ते हसले. "ताई, दाराला नुसतं मिटायचं असतं. तुमच्या याला रोज त्याच केसावर मिटायचंय."

अमेरिकेत मायकेल व्हॅसिलँटोन यांच्यापुढे हेच कोडं होतं. बोलिंग खेळणाऱ्या संघांच्या कपड्यांवर अनेक रंगांत छापायचं होतं. त्यांनी मधोमध आस ठेवली आणि तिच्याभोवती फिरणारे हात बसवले; कपडा फळीवर एकदा चढवला, की न हलवता एकेक चौकट त्याच्यावर येऊन टेकते. १९६७ मध्ये अर्ज, १९६९ मध्ये पेटंट. जगभरच्या टी-शर्ट दुकानांत दिसतो तो 'चरखा' त्याच घराण्यातला. आपल्याकडच्या लांबलचक टेबलांवर उलटा मामला असतो. तिथे कपडे ओळीने पडून राहतात आणि दोघं माणसं चौकट घेऊन चालत जातात. टेबलाच्या कडेला पट्टीवर अडसर ठोकलेले. चौकटीची खुंटी अडसराला टेकली, की जागा मिळाली. मला हा देशी मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो, फक्त त्याला दिवाणखान्यापेक्षा लांब खोली लागते.

शेवटी काकांनी बिजागऱ्या बारा इंचांवर हलवल्या आणि त्यांच्यावरचा भरवसाही काढून घेतला. फळीच्या पुढच्या टोकाला दोन उतरते ठोकळे ठोकले, घळीसारखे. हात खाली येताना त्या घळीत घसरतो आणि तळाशी घट्ट बसतो. बिजागरीने मग फक्त उचलायचं काम करायचं. बाकीचं किरकोळ. छापून झाल्याबरोबर जाळी कापडावरून सुटावी म्हणून दोन-तीन मिलिमीटरची फट लागते, त्यासाठी चौकटीखाली एकावर एक दोन नाणी चिकटवली. होजिअरीचं कापड जाळीबरोबर उचलून येऊ नये म्हणून फळीला टेबल गम. आणि लोण्याचा पिवळा मी मडक्याच्या निळ्याखाली केसभर सरकवून घेतला. ही छपाईवाल्यांची जुनी लबाडी. गोविंदांच्या टी-शर्टांवरच्या चित्रांना जाड काळी किनार का असते, ते मला तेव्हा कळलं.

जुलैत पाऊस लागला आणि हात घळीत उतरेना. ठोकळे मी पैसे वाचवायला उरल्यासुरल्या कच्च्या लाकडाचे लावले होते. लाकूड लांबीला फुगत नाही म्हटलं तरी चालेल, आडवं मात्र फुगतं. काकांनी रंधा फिरवून कागदाएवढी साल काढली, आणि गोकुळाष्टमीच्या आदल्या रात्री तीस टी-शर्ट निघाले. सव्वीस चांगले. चार घरातल्यांनी घातले.

आता ऑक्टोबरात हवा कोरडी झाली आहे आणि त्याच घळीत हात खुळखुळतो. नवे सागाचे ठोकळे काका दिवाळीनंतर देणार आहेत. तोवर एका लग्नपत्रिकेची पट्टी कापून फटीत बसवली आहे. पत्रिका जाड आहे, सोनेरी शाईत छापलेली, स्क्रीन प्रिंटिंगचीच. आणि गणपतीची सोनेरी रेघ लाल रेघेपासून थोडी सुटलेली आहे.