भातखाचरातील सोनेरी गोगलगाय : प्रसार आणि बंदोबस्त

बाहेरून आणलेला जीव शेतीच्या मुळावर कसा येतो, हे फिलिपाइन्सच्या भात उत्पादकांना विचारावे. गोड्या पाण्यातील सोनेरी गोगलगाय मूळची दक्षिण अमेरिकेतील. खाण्यासाठी पाळून चार पैसे मिळतील म्हणून १९८०च्या सुमारास ती तैवानमध्ये व पुढे फिलिपाइन्समध्ये आणली गेली. गिऱ्हाईक मिळाले नाही. सुटलेल्या व सोडून दिलेल्या गोगलगाई पाटाच्या पाण्याबरोबर खाचरोखाचरी पसरल्या.

ही गोगलगाय कोवळी रोपे बुडाशी कुरतडते. लावणीनंतरचे पहिले दहा दिवस आणि पेरलेल्या भातात पहिले तीन आठवडे अधिक धोक्याचे असतात. मादी पाण्याच्या वर, काडीवर गुलाबी अंड्यांचे पुंजके घालते. खाचर सुकले तरी गोगलगाय कवचाचे झाकण मिटून चिखलात सहा महिन्यांपर्यंत तग धरते.

बंदोबस्ताचे उपाय असे :

१. २५ ते ३० दिवसांची, जाड बुडख्याची रोपे लावावीत.
२. सुरुवातीस खाचरात २ सेंटिमीटरपेक्षा कमी पाणी ठेवावे.
३. पाणी आत येण्याच्या तोंडाशी जाळी बसवावी.
४. बांबूच्या काठ्या रोवून त्यांवरील अंडी चिरडावीत. पपईची पाने टाकून त्यांवर जमलेल्या गोगलगाई सकाळ-संध्याकाळ वेचाव्यात, हातमोजे घालावेत.
५. कापणीनंतर खाचरात बदके सोडावीत.

एकदा पसरल्यावर ही कीड समूळ जात नाही. म्हणून मत्स्यालयासाठी आणलेले परदेशी शंख ओढ्यात वा शेततळ्यात कधीही सोडू नका. खाचरात गुलाबी अंडी दिसल्यास कृषी विद्यापीठास त्वरित कळवा.