परदेशातला रोजा आणि अब्बांची वही

इचलकरंजीत मगरिबची अजान होते. खजूर, शरबत, फळांच्या चार फोडी होतात, नमाज होते आणि मग अम्मी फोन हातात घेते. त्या वेळी जर्मनीत दुपारचे अडीच वाजलेले असतात. मुलाचा रोजा सुटायला अजून तीन तास आहेत.

“कुठे आहेस?”

“लायब्ररीत.”

तो लायब्ररीत नसतो. शहराबाहेरच्या एका गोदामात खोकी उचलून पट्ट्यावर ठेवत असतो. रोज्यात खोटं बोलू नये हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. तरीही पहिले पाच-सहा रोजे हाच प्रश्न आणि हेच उत्तर चाललं. परीक्षा तोंडावर असताना पोरगा हमाली करतो आहे, हे कळलं तर घरात कुणाच्या घशाखाली घास उतरणार नाही, अशी त्याची समजूत.

मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर. पूर्व जर्मनीतल्या केम्निट्झ या जुन्या कारखानदारीच्या शहरात दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी गेला, त्याला या एप्रिलमध्ये वर्ष पूर्ण होईल. वडील खर्चीवाले, म्हणजे दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे यंत्रमागधारक. माग आठ होते, आता सहा आहेत. दोन कुठे गेले, त्याची नोंद अब्बांच्या वहीत आहे.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत फी नाही, ही गोष्ट आता आपल्याकडे गल्लोगल्ली पोचली आहे. ती बरीचशी खरीही आहे. बहुतेक राज्यांत सहामाहीला काही शे युरोंची वर्गणी भरली की झालं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून 2017 पासून सहामाहीला 1,500 युरो घेतं आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024 पासून परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली. पण बाकी ठिकाणी ‘फुकट शिक्षण’ म्हटलं तर चूक नाही. अडचण ‘फुकट’ या शब्दाने सुरू होते, कारण तो ऐकून घरचे खिशात हात घालून बघतात तो फीसाठी. राहण्याखाण्याचे पैसे आधी दाखवावे लागतात हे नंतर कळतं.

दाखवावे लागतात म्हणजे नुसता खात्याचा कागद जोडून भागत नाही. वर्षभराच्या खर्चाची रक्कम एका बंद खात्यात खरोखर टाकावी लागते. मुलं त्याला ‘ब्लॉक अकाउंट’ म्हणतात. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो आहे. तिथे पोचल्यावर महिन्याला 992 युरो सुटतात, जास्त मागून मिळत नाहीत. 2025 च्या सुरुवातीला युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता. म्हणजे 10 लाख 71 हजार रुपये, एकरकमी, विमानात बसण्याच्या आधी.

सहा लाख व्याजाच्या कर्जाने उभे करता आले असते. बँकेने तयारी दाखवली होती. घरात मात्र त्यावरून आठवडाभर चर्चा झाली. व्याज घेणं आणि देणं दोन्ही इस्लाममध्ये निषिद्ध. शिक्षणाच्या निकडीला काही उलेमा सवलत देतात, पुष्कळसे देत नाहीत, आणि सामान्य माणूस दोघांच्या मध्ये उभा राहतो. त्याची चेष्टा करणं सोपं आहे. पण नुसता हिशेब मांडला तरी अब्बांची धास्ती अगदीच भाबडी नव्हती. शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो, यावरून तोवर व्याजही नसतं असा अनेकांचा समज असतो. व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चालू होतं. अकरा टक्क्यांनी दहा लाखांवर, साध्या व्याजाने धरलं तरी, अडीच वर्षांत पावणेतीन लाख चढतात. त्यात नोकरी लागायला उशीर झाला तर पुढचं वेगळंच.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांचं नेमकं हेच व्याज भरण्यासाठी केंद्र सरकारची ‘पढो परदेश’ ही योजना होती. शिक्षणाच्या काळातलं व्याज सरकार भरायचं, वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना तिचा लाभ होता, पस्तीस टक्के वाटा मुलींसाठी होता. 2022-23 पासून ती बंद झाली. कमी व्याजाच्या सरकारी कर्जासाठी मौलाना आझाद महामंडळाचं दार आहे. तिथे जामीनदार आणि कागद जमवेपर्यंत व्हिसाची तारीख निघून जाण्याची भीती असते.

शेवटी रक्कम उभी राहिली ती अशी. दोन माग विकले. अम्मीने भिशीचा नंबर आधी घेतला, ज्या शेजारणीचा तो होता तिने बदलून दिला. मामू आणि दोन्ही चाचांनी कर्ज-ए-हसना दिलं. कर्ज-ए-हसना म्हणजे बिनव्याजी उसनवार. परत करायची हे नक्की, पण वरती एक रुपया नाही, आणि घेणारा अडचणीत असेल तर देणाऱ्याने मुदत वाढवून द्यावी असा संकेत. अब्बांनी वहीत एकेकाचं नाव, रक्कम आणि तारीख लिहिली, खाली सह्या घेतल्या. सख्ख्या भावांच्या सह्या कशाला, असं मोठे चाचा म्हणाले, पण केली. उधारी लिहून ठेवावी हीच तर शिकवण आहे.

मुलगा केम्निट्झला पोचला तेव्हा खात्यात लाखो रुपये होते आणि खिशात दोनशे युरो. बंद खात्यातून पहिला हप्ता सुटायला तिथल्या बँकेत खातं लागतं, खात्यासाठी राहत्या पत्त्याची नोंद लागते, नोंदीसाठी खोली लागते आणि खोलीसाठी अनामत. जर्मन कायद्याने घरमालक तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागू शकतो. म्युनिकपेक्षा केम्निट्झ बरंच स्वस्त, तरी अनामत ती अनामतच. पहिले साडेतीन आठवडे त्याने नाशिकच्या एका मुलाच्या खोलीत जमिनीवर झोपून काढले. पहिल्या दीड महिन्याचे पैसे ब्लॉक अकाउंटच्या बाहेर, वेगळे, हाताशी ठेवावेत, ही गोष्ट एजंटाने सांगितली नव्हती. जाणाऱ्या प्रत्येकाने ती आधी लिहून घ्यावी.

त्यानंतरचे महिने बरे गेले. 992 मधून भाडं, आरोग्य विम्याचे सुमारे दीडशे, बाकीत खाणंपिणं. हात आखडून राहिलं तर भागतं. खरा घोर लागला तो जानेवारीत. राहण्याचा परवाना एका वर्षाचा. तो वाढवायचा तर पुढच्या वर्षाची सोय पुन्हा दाखवायची, पुन्हा 11,904 युरो. आकडा तोच, पण दरम्यान युरो शंभरी ओलांडून 105 च्या घरात गेला होता. तेच युरो आता साडेबारा लाखांना. काही न करता पावणेदोन लाखांची भर पडली होती. अब्बांनी दुसऱ्या वर्षासाठी काय धरलं होतं? ‘तोवर तो कमवायला लागेल.’ वहीत तसं लिहिलेलंच आहे.

कमवायला मुभा आहे. परदेशी विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं आणि या जानेवारीपासून किमान वेतन ताशी 13 युरो 90 सेंट झालं आहे. रुपयांत मांडलं की डोळे दिपतात. आठ तासांचे अकरा हजारांहून जास्त! म्हणूनच तो गोदामात गेला. पण तो एक हिशेब विसरला. दोन विषय राहिले आणि शिक्षण एक सहामाही लांबलं, तर ती सहामाही जगायला जवळपास सहा हजार युरो लागतात, सव्वासहा लाख रुपये. गोदामातली पन्नासहून जास्त दिवसांची मजुरी त्यात जाते. शिवाय परीक्षेला बसण्याच्या संधी मोजक्याच असतात. पहाटे साडेचारला सहरी, आठ तास खोकी आणि रात्री तरावीहनंतर थर्मोडायनॅमिक्स, हे किती दिवस चालणार?

परदेशी शिक्षण आणि पैशांची ओढाताण या महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. मुदत संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेली उसनवार यांच्या जोरावर. एवढ्या मोठ्या बुद्धीलाही मध्ये तीन वर्षं थांबावं लागलं, ते पैशापायी.

सातव्या रोज्याला नाशिकचा मित्र त्याला म्हणाला, “चल, आज मशिदीत जेवू.” मित्र हिंदू. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की तिथे संध्याकाळी सगळ्यांना जेवण असतं. मुलाला मात्र संकोच वाटत होता. घरी असताना मोहल्ल्याच्या मशिदीत इफ्तारचं ताट पोचवायला तो जायचा, आता ताट घ्यायला जायचं. आत सतरंजीवर लांबलचक दस्तरखान अंथरलेला. मसूरडाळीचं सूप, भात, कोंबडी, खजूर. वाढणारे सीरियन आणि तुर्की, बसलेल्यांत निम्मे विद्यार्थी. कुणी कुणाला कशासाठी आलास विचारलं नाही. त्या महिन्यात संध्याकाळच्या जेवणाचे पैसे वाचले, पण त्याहून मोठी गोष्ट शेजारी बसलेल्या, पीएच.डी. करणाऱ्या एका बांगलादेशी मुलाकडून मिळाली. त्याने सरळ विचारलं, “परवान्याचे पैसे झाले का?” वर्षभरात हा प्रश्न त्याला दुसऱ्या कुणी विचारला नव्हता.

त्याच्याकडून कळलं ते असं. पूर्ण रक्कम पुन्हा बंद खात्यातच टाकावी लागते असं नाही. नियमित कामाचा करार असेल तर परदेशी नागरिकांचं कार्यालय ती कमाई धरू शकतं आणि उरलेल्याचीच सोय दाखवावी लागते, अर्थात हे तिथल्या अधिकाऱ्याला आधी भेटून विचारायचं. विद्यापीठातच प्राध्यापकांच्या हाताखाली मदतनिसाचं काम मिळतं. मुलं त्याला ‘हिवी’ म्हणतात. तास थोडे, पण काम आपल्या विषयातलं आणि परीक्षेच्या वेळा सांभाळून. शेवटच्या टप्प्यात अडकलेल्यांसाठी विद्यापीठांकडे थोडा निधी असतो. प्रोटेस्टंट चर्चशी जोडलेल्या विद्यार्थी केंद्रांतून आशिया-आफ्रिकेच्या विद्यार्थ्यांना अडीअडचणीला मदत मिळते, धर्म न पाहता. यांतली एकही गोष्ट गुप्त नव्हती. ‘पैसे संपत आलेत’ हे चारचौघांत म्हणायची मात्र त्याची तयारी नव्हती, आणि न म्हणता कुणी सांगत नाही.

इथे जकातीचा एक मुद्दा येतो. रमजानमध्ये बहुतेक घरं जकात काढतात, शिलकीच्या अडीच टक्के. ती कुणाला द्यावी याचे आठ वर्ग कुरआनने सांगितले आहेत. गरीब, गरजू आपल्या लगेच लक्षात येतात. त्याच यादीत कर्जात बुडालेला आहे आणि ‘इब्नुस्सबील’, म्हणजे वाटेत अडकलेला प्रवासीही आहे. घरी त्याचं बरं चाललेलं असेल, पण परमुलखात हात रिकामा झाला, तर तोही हकदार. परदेशात पैसे संपलेला विद्यार्थी यात बसतो का, हे जाणकार उलेमांना विचारून ठरवावं. पण गावोगावच्या बैतुलमाल समित्यांनी निदान बिनव्याजी उसनवारीचा वेगळा निधी ठेवायला काय हरकत आहे? शिकून परतफेड करणारा ऋणको याहून चांगला कुठे मिळणार? आज अशा मुलांची नावं समितीपुढे येतच नाहीत. परदेशात गेला म्हणजे पैसेवाला, अशी आपली पक्की समजूत.

दहाव्या रोज्याला अम्मीने फोन केला. “कुठे आहेस?” “गोदामात,” तो म्हणाला. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग अब्बांनी फोन घेतला. ओरडले नाहीत. “सगळा हिशेब लिहून पाठव,” एवढंच म्हणाले.

त्याने रात्री तरावीहनंतर लिहून पाठवला. भाडं, विमा, किराणा, अनामतीचे अडकलेले पैसे, सगळं. गोदाम परीक्षेपर्यंत बंद. मार्चअखेरीपासून एका प्रयोगशाळेत महिना चाळीस तासांचं काम मिळतं आहे, साडेपाचशे युरोंच्या आसपास. कार्यालयाने ते धरलं तर वर्षाला आणखी 5,300 युरो दाखवावे लागतील, म्हणजे साडेपाच लाख. साडेबारा नाहीत. मोठ्या चाचांनी मागच्या कर्जाची मुदत दोन वर्षं वाढवली, त्यांनी वहीत पुन्हा सही केली, या वेळी कुरकुर न करता. अम्मी नव्या भिशीत दोन नंबर घेणार आहे. उरलेल्या दोन लाखांचं अजून ठरलेलं नाही. ईदनंतर बसायचं म्हणतात.

यादीतल्या एका ओळीवर अब्बांचं बोट थांबलं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना 18 युरो 36 सेंट, खोलीतल्या दोघांत निम्मी.

“टीव्ही घेतलास?”

“नाही अब्बा. इथे टीव्ही असो नसो, प्रत्येक घराला भरावीच लागते.”

अब्बांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ती रक्कमही वहीत उतरवून घेतली.