क्लीव्हलँडचे वार्तापत्र : सामाईक निधी आणि लहान संस्थांची वाट

क्लीव्हलँड (अमेरिका) : एरी सरोवराकाठच्या या औद्योगिक शहरात फ्रेडरिक गॉफ या वकिली पार्श्वभूमीच्या बँकप्रमुखाने 2 जानेवारी 1914 रोजी ‘क्लीव्हलँड फाउंडेशन’ स्थापन केले, तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न होता तो दानाच्या तुटवड्याचा नव्हे, दानाच्या अटींचा. मृत्युपत्रात ज्या कामासाठी पैसा लिहून ठेवलेला असे, ते कामच पुढे उरले नाही, तरी न्यायालयात दीर्घ खटपट केल्याशिवाय तो पैसा दुसरीकडे वळवता येत नसे. गॉफने यावर तोडगा काढला तो असा की, अनेक दात्यांचा पैसा एकत्र करून कायमचा गुंतवावा, उत्पन्नाचे वाटप गावातल्या नागरिकांच्या समितीने करावे, आणि दात्याचा हेतू कालबाह्य ठरल्यास तो बदलण्याचा अधिकारही समितीकडेच असावा. समितीतील काही सदस्य महापौर व न्यायाधीश नेमत, त्यामुळे सारी सूत्रे बँकेच्या हाती राहिली नाहीत. ठरावीक भूभागासाठी असलेल्या अशा सामाईक कायमनिधीला येथे ‘कम्युनिटी फाउंडेशन’ म्हणतात. 1915 मध्ये शिकागो व बॉस्टन या शहरांनी याचे अनुकरण केले आणि आज अमेरिकेत असे सातशेहून अधिक निधी आहेत.

अनुदान मिळवण्याची रीत भारतीय संस्थाचालकांना अनोळखी वाटणार नाही : आधी चौकशीचे पत्र, मग अंदाजपत्रकासह प्रस्ताव, अधिकाऱ्याची भेट, मंडळाचा ठराव आणि वर्षाअखेरीस खर्चाचा अहवाल. अनुदान दोन प्रकारचे असते. एक विशिष्ट प्रकल्पापुरते बांधलेले, तर दुसरे संस्थेच्या सर्वसाधारण खर्चासाठी, ज्यातून भाडे, वीजबिल आणि हिशेबनिसाचा पगार भागतो. दुसऱ्या प्रकारच्या अनुदानाची गरज अधिक, पण ते मिळते कमी, ही तक्रार येथेही आहे. याहून महत्त्वाची सोय म्हणजे ‘आर्थिक पालकत्व’ : जिची अद्याप नोंदणी झालेली नाही अशा गटासाठी एखादी नोंदणीकृत संस्था स्वतःच्या नावावर अनुदान स्वीकारते, हिशेब सांभाळते आणि काम गटाकडून करवून घेते. शेजारच्या मुलांचा अभ्यासवर्ग चालवणाऱ्या चार-पाच स्त्रियांपर्यंत निधी पोहोचतो तो बहुधा याच वाटेने. व्यवस्थेत दोषही आहेत. दात्याने फाउंडेशनमध्ये उघडलेल्या आणि त्याच्याच सल्ल्याने चालणाऱ्या खात्यांतून दरवर्षी किती वाटावे याचे कायदेशीर बंधन नसल्याने करसवलत आज पदरात पडते आणि दान मात्र वर्षानुवर्षे लांबू शकते.

अमेरिकेतील मराठी समाजाने 1978 मध्ये उभारलेले ‘महाराष्ट्र फाउंडेशन’ मराठी वाचकांना परिचित आहे ते 1994 पासून दिल्या जाणाऱ्या साहित्य पुरस्कारांमुळे आणि त्यानंतर सुरू झालेल्या समाजकार्य पुरस्कारांमुळे. मात्र महाराष्ट्रातील स्वयंसेवी संस्थांना अर्थसाहाय्य करणे हेही त्याचे काम आहे. हा पैसा सुरत-धुळे महामार्गावरील विसरवाडीसारख्या (ता. नवापूर, जि. नंदुरबार) गावातील लहान गटापर्यंत जावा अशी कितीही इच्छा असली, तरी वाट भारतीय कायद्यातून जाते. विदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या 2010 च्या कायद्यानुसार नियमित नोंदणी हवी असेल, तर संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि तिने मागील तीन वर्षांत मुख्य कार्यावर 15 लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली, रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत जमा करणे सक्तीचे केले, आणि एका संस्थेने मिळालेली विदेशी देणगी दुसरीकडे सोपवण्यास पूर्ण बंदी घातली. थोडक्यात, क्लीव्हलँडमध्ये लहान गटांना ज्या सोयीने जगवले, तीच सोय विदेशी पैशापुरती भारतात बेकायदा आहे. पैसा दडवला जाऊ नये हा हेतू रास्त असला, तरी दुरुस्तीचा भार मोठ्या शहरी संस्थांपेक्षा नंदुरबारच्या बचत गटांवर अधिक पडतो. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसाही, 2013 च्या कायद्यातील स्थानिक परिसराला प्राधान्य देण्याच्या तरतुदीमुळे, कारखाने असलेल्या जिल्ह्यांकडे झुकणे स्वाभाविक आहे.

गॉफच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट विसरवाडीच्या परिसरात शोधायची, तर ती परदेशी दानात नव्हे, पेसा कायद्यात, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या 1996 च्या कायद्यात सापडते. संपूर्ण नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि 2015 पासून राज्याच्या आदिवासी उपयोजनेतील किमान 5 टक्के निधी अशा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला असून त्याच्या विनियोगाचा निर्णय ग्रामसभेने घ्यायचा आहे. निर्णय गावाचा, इतके साम्य खरे. परंतु हा निधी शासनाच्या अंदाजपत्रकातून येतो आणि खर्ची पडण्यासाठीच येतो, त्यामुळे विसरवाडीच्या एखाद्या व्यापाऱ्याने किंवा सुरतेत स्थिरावलेल्या ग्रामस्थाने आपली मिळकत गावासाठी ठेवावी आणि तिचे उत्पन्न पुढच्या पिढीने आपल्या गरजेप्रमाणे वाटावे, अशा हेतूने तो रचलेलाच नाही.